रकाना पहिला : होडीचा नंबर



या अंकाचं संपादकीय मी दोनदा लिहिलं आणि दोनदा बाजूला ठेवलं. पहिल्या खर्ड्यात कायदे होते, दुसऱ्यात सांडपाणी. दोन्ही बरोबर होते आणि दोन्ही कुणीही लिहिले असते. शेवटी ठरवलं की माहीमच्या किनाऱ्यावर ज्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही, तिथूनच सुरुवात करावी.

पावसाळा संपत आला होता. आम्ही दोघी कोळीवाड्यातल्या बायकांच्या कामाची माहिती लिहून घ्यायला गेलो होतो. एक म्हातारी कोळीण आणि तिचा मुलगा जाळं रिकामं करत बसले होते. मूठभर बोय, दोन चिंबोऱ्या, आणि बाकी सगळा कचरा. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, देवाच्या तसबिरीची चौकट. मग तिनं काडीनं एक फुगलेलं, मळकं पॅड उचललं, आमच्यापुढे धरलं आणि विचारलं, "ह्ये तुमचंच ना गं, बाय?"

आवाजात राग नव्हता. मुलगा खाली मान घालून जाळं झटकत राहिला. माझी वही उघडी होती आणि त्यात लिहायला काही नव्हतं.

परत आल्यावर बैठकीत मी म्हटलं, पुढचा अंक खाडीवर करू. लगेच वाद झाला, आणि तो तुमच्यापासून लपवायचं कारण नाही. एक मैत्रीण म्हणाली, "पर्यावरणवाल्यांचे अंक निघतात की. आपल्याकडे पोटगीच्या चार केसेस पडून आहेत, एका मुलीला सासरहून आणायचंय, आणि आपण मासे मोजायला जायचं?" दुसरी म्हणाली, "पाणी, जंगल, जमीन म्हटलं की बाई निसर्गाच्या जवळची वगैरे सुरू होतं. मला ते नको." मला दोघींचं पटतं. तरीही हा अंक खाडीवर निघतो आहे.

आधी खाडी कुठून येते ते पाहू. मुंबईत जन्मलेल्या आपल्यापैकी कितीजणींना मिठी ही नदी आहे हे २६ जुलै २००५ च्या आधी माहीत होतं? मला माहीत होतं, पण 'नाला' म्हणून. विहार आणि पवई या तलावांचं जादा पाणी जिथून वाहून निघतं तिथे मिठी सुरू होते. विहार १८६० साली पुरा झाला, मुंबईला नळाचं पाणी मिळालं ते तिथून. पवई १८९१ चा. नॅशनल पार्कच्या टेकड्यांवरचा पाऊस, आरेच्या पाड्यांवरचा पाऊस, पवई, साकीनाका, मरोळ, कुर्ला, कलिना, धारावी इथल्या पत्र्यांवरचा आणि गच्च्यांवरचा पाऊस, सुमारे ७३ चौरस किलोमीटरचं हे सगळं पाणी एकाच वाटेनं जातं. ती वाट साधारण अठरा किलोमीटरची. शेवटी माहीमची खाडी, तिच्या दोन्ही अंगांना तिवरं, आणि पुढे माहीमचा उपसागर. एका बाजूला वांद्र्याचा किल्ला, दुसऱ्या बाजूला माहीमचा, त्याच्यापुढे वरळी.

म्हणजे साकीनाक्यात पिंपं धुतली तरी ते पाणी माहीमला पोचतं. आरेच्या तबेल्यातलं शेण, कुर्ल्याच्या भंगारातलं तेल, आमच्या सोसायटीतली साबणाची फेसाळ बादली, सगळं तिथेच. पाणलोट हा शब्द आपण खेड्यातल्या बांधबंदिस्तीच्या संदर्भात वापरतो. शहरालाही पाणलोट असतो, फक्त तो डांबराखाली दिसत नाही.

आणि या वाटेवर आपण काय काय बांधलं आहे! विमानतळाच्या धावपट्टीखालून नदी मोऱ्यांतून जाते, तिथे तिला काटकोनात वळवलेली आहे. जिथे भरतीचं पाणी पसरायचं त्या खाजणावर आणि दलदलीवर भराव टाकून ३७० हेक्टरांचं वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. समुद्राच्या तोंडाशी माहीमचा कॉजवे, आणि त्याच्याही पुढे भरावावरून निघणारा सागरी सेतू, तो २००९ साली खुला झाला. तोंड आवळलेल्या पिशवीसारखी खाडी झाली.

कॉजवेबद्दल थोडं विषयांतर. वांद्रे आणि माहीम यांच्यामध्ये लोक होड्यांनी ये-जा करत. तिथे रस्ता व्हावा म्हणून १८४० च्या दशकात एका बाईनं एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले. १८४५ साली तो खुला झाला. तिचं नाव आवाबाई. पुढच्या रस्त्याला मात्र नाव मिळालं लेडी जमशेटजी. पैसे बाईचे, नाव नवऱ्याचं, तेही 'लेडी' लावून. दानाची किंमत म्हणून खाडीचं तोंड अरुंद झालं हे खरं, पण त्या काळात हे कुणाच्या ध्यानात येणार होतं? आपल्या काळात ध्यानात येऊनही जे झालं त्याला मात्र सबब नाही.

२००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्यातल्या एकीनं क्रांतीनगरच्या दोन बायकांना लोखंडी जिन्यावर अख्खी रात्र बसलेलं पाहिलं आहे. शेकडो माणसं गेली. नंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली तथ्यशोधन समिती नेमली गेली, मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं, गाळ काढणं सुरू झालं, भिंती बांधणं सुरू झालं. आणि त्याआधी सुरू झालं काठावरच्या झोपड्या पाडणं. संकुलाच्या काचेच्या इमारतींना कुणी नोटीस दिल्याचं आम्ही ऐकलं नाही. गाळाचं म्हणाल तर २०२५ साली मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं गाळ काढण्याच्या कामात सुमारे ६५ कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदवला. न काढलेल्या गाळाचीही बिलं होतात, असा आरोप. तो कोर्टात सिद्ध व्हायचा आहे. गाळ मात्र खाडीतच आहे.

आता त्या म्हातारीकडे परत येते.

तिला मी मावशी म्हणते. तिच्या तरुणपणी ती जाळ्याच्या कामाला हात लावत नसे, ते पुरुषांचं. तिचं काम ओहोटीचं. अमावस्या-पौर्णिमेला पाणी खूप मागे जातं, तेव्हा खडक उघडे पडतात. आई, आजी, जावा, सगळ्या निघायच्या. खडकाची कालवं टोकदार लोखंडानं फोडायची, चिखलातल्या शिवल्या आणि खुबे पायाच्या बोटांनी चाचपून काढायचे, तिवरांच्या मुळांतले निवटे पकडायचे. दोन-अडीच तासांत पाटी भरायची. त्यातलं थोडं घरी, बाकीच्याचे वाटे करून दारोदार. होडी लागत नाही, भांडवल लागत नाही, नवऱ्याला विचारावं लागत नाही. "तो पैसा माझा," मावशी म्हणाली. नवरा दारू पीत असे. तीन मुलांच्या शाळेच्या फिया त्या कालवांनी भरल्या.

कालवं गेली त्याची तारीख कुणाला सांगता येत नाही. होडीचं नुकसान झालं तर ते दिसतं. कालवं आधी बारीक झाली, मग त्यांना रॉकेलसारखा वास यायला लागला, मग गिऱ्हाइकं नको म्हणायला लागली, मग बायका जाईनाशा झाल्या. धारावीच्या कोळीवाड्याची गोष्ट आणखी वाईट. तिथले लोक अजून स्वतःला कोळी म्हणतात, पण खाडीत मासेमारी करणारं तिथे जवळपास कुणी उरलं नाही.

आणि मग एक प्रकल्प आला. कोणता ते इथे महत्त्वाचं नाही, किनाऱ्यावर प्रकल्पांची कमतरता नसते. नुकसानभरपाईचे अर्ज वाटले गेले. मावशीनं तो अर्ज माझ्यापुढे ठेवला. रकाना पहिला : होडीचा नंबर. रकाना दुसरा : परवान्याचा नंबर. रकाना तिसरा : खलाशांची संख्या. मावशीच्या मुलानं होडी दुसऱ्याबरोबर भागीदारीत घेतली होती, त्याला काहीतरी मिळालं. मावशीनं कार्यालयात जाऊन विचारलं, "मी काय लिवू?" खिडकीमागचा माणूस सभ्यपणे म्हणाला, "आजी, तुमचं नुकसान मुलाच्या अर्जात आलं की."

माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. पोटगीच्या केसमध्ये आपण काय सिद्ध करत बसतो? ती घरात काम करत होती, त्या कामाला किंमत होती, आणि तिचा हिस्सा 'कुटुंबाच्या' हिशेबात बुडवता येणार नाही. मावशीची केस तीच आहे. फक्त नवऱ्याच्या जागी खाडी बुडवणारी सगळी मंडळी आहेत, त्यात तुम्ही-आम्हीही आलो.

१९९२ साली बीना अगरवाल यांनी एक निबंध लिहिला होता, स्त्रिया आणि पर्यावरण यांच्यातल्या नात्याबद्दल. बाई जन्मतःच निसर्गाची रखवालदार असते ही कल्पना त्यांनी बाजूला सारली आणि विचारलं की जमीन, पाणी, जंगल यांच्यावर कोणाचं काम चालतं, हक्क कोणाचा, आणि ते बिघडलं की मजुरी कोणाची वाढते. दुसऱ्या मैत्रिणीला मी तेच सांगितलं. मावशी खाडीवर प्रेम करते का, मी विचारलेलं नाही. तिथे तिची रोजी होती.

आता अवघड भाग.

कोळीवाड्यातल्या बायका नदीकाठच्या वस्त्यांना दोष देतात. "वरची माणसं घाण करतात." म्हणून आम्ही दोन्हीकडच्या बायकांची एकत्र बैठक घेतली. पहिला तासभर भांडण झालं, खरंखुरं, हातवारे करून. वस्तीतली एक बाई उठली आणि म्हणाली, "ताई, आमच्या संडासाला गटार जोडलेलं नाही. टाकी भरली की नाल्यात जातं. ते आम्ही बांधलं का? रात्री नऊनंतर त्याला कुलूप असतं. माझी मुलगी संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाही." कोळीवाड्यातल्या बायका गप्प झाल्या. त्यांच्यातल्या एकीनं हळूच विचारलं, "मग पोटात दुखत नाय का तिच्या?" पुढचा तास मूत्रमार्गाच्या दुखण्यांवर गेला. खाडी त्या दिवशी राहूनच गेली, पण आमच्या मते त्याच बैठकीत ती सुरू झाली.

२०११ साली मुंबईत 'राइट टु पी' मोहीम सुरू झाली तेव्हा आपल्यातल्या अनेकजणी सह्या गोळा करत फिरल्या. तेव्हा आपण विचारत होतो, मुतारी आहे का, दिवा आहे का, पैसे का घेतात? त्या यादीत एक प्रश्न वाढवायला हवा : इथलं मैलापाणी पुढे कुठे जातं? आणि तो वस्तीत विचारण्याआधी आपल्या सोसायटीत विचारू या. मलवाहिनी असलेल्या भागांतलंही बरंचसं पाणी वर्षानुवर्षं नुसतं चाळून, खडा-कचरा काढून समुद्रात सोडलं गेलं आहे. वांद्र्याचा बोगदा समुद्रात तीन किलोमीटरहून आत जातो, म्हणून आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत सात नव्या शुद्धीकरण केंद्रांचं भूमिपूजन झालं, त्यात धारावी आणि वांद्रेही आहेत. ती पुरी झाली तर फार मोठी गोष्ट होईल. पण मलवाहिनीच नाही त्या वस्तीचं पाणी केंद्रापर्यंत कसं जाणार, हे प्रत्येक सभेत विचारत राहावं लागेल. केंद्राचं उद्घाटन करता येतं, गटाराचं उद्घाटन करायला कुणी येत नाही.

आणि पॅड. मावशीच्या काडीवरचं ते पॅड.

आपण शिबिरांतून पाळीबद्दल बोलायला लागलो तेव्हा बायका पदर तोंडावर घेऊन हसत. अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्यांखाली वाळवलेल्या ओल्या फडक्यांनी किती मुलींना त्रास झाला ते आपण पाहिलं आहे. पॅड स्वस्त व्हावीत म्हणून आपण भांडलो. जुलै २०१८ मध्ये त्यांच्यावरचा जीएसटी गेला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. त्याच वर्षी राज्यात अस्मिता योजना आली. यातलं काहीही चुकलं असं मला वाटत नाही. पण ते वापरून झाल्यावर मुलीनं कुठे टाकायचं हे आपण शिकवलं का? शाळेच्या संडासात डबा नाही. घरी सासऱ्यांसमोरून कचऱ्याची बादली न्यायची लाज. मग खिडकीतून, मग संडासात, मग नाल्यात. म्हणजे त्या पॅडमागे लाजच आहे, आपली जुनी ओळखीची. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी पॅड गुंडाळून टाकायला पिशवी किंवा वेष्टन द्यावं असं लिहिलं होतं. किती पाकिटांत तुम्हाला ते मिळालं, पाहून कळवा. काहीजणी पुन्हा सुती घड्यांकडे वळल्या आहेत, काही कपकडे. पण ज्या वस्तीत दिवसातून अर्धा तास नळाला पाणी येतं तिथल्या मुलीला 'घडी धुऊन उन्हात वाळव' असा उपदेश करायला मी जाणार नाही. उपदेश करायचाच तर कंपन्यांना आणि महापालिकेला करू.

मावशीचा नातू विचारत होता, या खाडीतला मासा खावा का? मला मिनामाताची आठवण झाली. जपानमधल्या त्या उपसागरात चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारा जात होता. आधी मांजरी फेर धरून मेल्या, मग माणसं. १९५६ साली आजाराची अधिकृत नोंद झाली आणि सोडणं थांबलं १९६८ मध्ये, बारा वर्षांनी! आई धडधाकट दिसायची आणि बाळ मात्र जन्मतःच विकल. नंतर कळलं की आईच्या अंगातला पारा वारेतून गर्भात जात होता. हे सगळं जगापुढे आणणाऱ्यांत इशिमुरे मिचिको होत्या, त्याच मुलखातल्या एक गृहिणी, ज्या रुग्णांच्या घरी जाऊन बसल्या आणि लिहीत राहिल्या. माहीम म्हणजे मिनामाता नव्हे, इथलं मुख्य दुखणं मैलापाण्याचं आहे. पण घरात मासा शिजवून वाढणाऱ्या बाईला त्या माशात काय आहे हे कळायचा हक्क तिथेही नव्हता आणि इथेही नाही.

पाण्याची तपासणी होत नाही असं नाही. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० सालापासून आहे, पाण्याचा कायदा १९७४ चा. नमुने घेतले जातात, आकडे प्रसिद्ध होतात, इंग्रजीत, तक्त्यांत. आंघोळीच्या पाण्यासाठीची मर्यादा अशी : लिटरमागे विरघळलेला प्राणवायू निदान ५ मिलिग्रॅम, घाण कुजवायला लागणारा प्राणवायू म्हणजे बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, आणि १०० मिलिलिटरमध्ये मैल्यातले जंतू २५०० च्या आत. एवढे तीन आकडे कोळीवाड्यातल्या शाळेच्या भिंतीवर दर महिन्याला मराठीत खडूनं लिहिले गेले, 'हवे' आणि 'आहेत' असे दोन रकाने करून, तर काय होईल? बैठकीत हे सुचवल्यावर वस्तीतली तीच बाई म्हणाली, "आमच्या संडासाच्या भिंतीवर पण लिवा."

किनाऱ्याचा कायदाही आहे. १९९१ साली किनारा नियमनाची पहिली अधिसूचना निघाली, मग २०११ ची, मग २०१९ ची. दर वेळी मोकळ्या जागेची रेषा कुठेतरी आत सरकते. पण नकाशांवर हरकती घेता येतात, जनसुनावणीत बोलता येतं. आम्ही गेलो होतो त्या सुनावणीत जेटी होती, होड्या लावायची जागा होती. कालवांचे खडक नव्हते. ते दाखवायचे असतील तर ते कुठे आहेत हे लेखी हवं, आणि ते माहीत आहे फक्त साठीच्या पुढच्या दहा-बारा बायकांना.

१९८९ साली मच्छिमारांच्या संघटनांनी दोन्ही किनाऱ्यांवरून कन्याकुमारीपर्यंत यात्रा काढली होती, पाणी वाचवा, जीवन वाचवा, ही घोषणा घेऊन. त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. शेवटी तिथे गोळीबार झाला. दोन वर्षांनी पहिली किनारा अधिसूचना आली. मी तेव्हा नव्हते गेले, हुंड्याच्या केसमध्ये अडकले होते. आज वाटतं, आमच्या दोन चळवळी तेव्हा एका स्टेशनवर भेटून वेगवेगळ्या गाडीत चढल्या.

तर आमचं सध्याचं काम सांगते. आम्ही एक वही केली आहे. तीत पहिला रकाना बाईच्या नावाचा, तिच्या स्वतःच्या. दुसरा, ती काय काढायची किंवा विकायची. तिसरा, कुठल्या खडकावर, कुठल्या चिखलात. चौथा, शेवटचं कधी गेली. पाचवा, त्या पैशातून काय केलं. हा पाचवा रकाना मावशीनं घालायला लावला. आतापर्यंत एकेचाळीस नावं झाली. त्यांतल्या नऊजणींनी नाव सांगताना आधी नवऱ्याचं सांगितलं.

येत्या अमावस्येला ओहोटी मोठी आहे. मावशी जुने खडक दाखवायला येणार आहे. तिचा गुडघा दुखतो, म्हणून मुलगा तिला होडीतून जवळ नेऊन सोडेल. ज्यांना यायचं असेल त्यांनी आधी कळवा. चपला जुन्या घाला, चिखल गुडघ्यापर्यंत येतो, आणि वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणा. प्लास्टिक परत घेऊन जायचं आहे.